जर्मनीला जाण्याआधीची दोन वर्षे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातच तू पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीचा विचार सुरू केलास, याचे मला मनापासून समाधान वाटते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले शेवटच्या वर्षाची दिवाळी झाल्यावर येतात आणि तोवर बऱ्याच गोष्टी हातातून निघून गेलेल्या असतात.

कोणते विद्यापीठ चांगले, असे तू विचारले आहेस. तो प्रश्न सध्या बाजूला ठेव आणि तुला आवडलेल्या तीन-चार अभ्यासक्रमांची मॉड्यूल-पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून घे. जर्मन भाषेत तिला ‘मोडुलहांडबुख’ म्हणतात. कोणता विषय, किती क्रेडिटचा, त्यात नेमके काय शिकवले जाते, हे सारे तिच्यात असते. प्रवेशाच्या अटींमध्ये गणित, यंत्रशास्त्र, ऊष्मागतिकी यांची किमान किती क्रेडिट हवीत, हेही अनेक ठिकाणी स्पष्ट लिहिलेले असते. तुझे गुण कितीही चांगले असले, तरी ही जुळणी बसली नाही तर अर्ज तिथेच थांबतो. मी स्वतः हे नकार पदरात पडल्यावर शिकलो. संख्यात्मक पद्धती मी पूर्ण एक सत्र शिकलो होतो, पण माझ्या गुणपत्रिकेवर त्या विषयाचे नाव नुसते ‘अभियांत्रिकी गणित’ असे होते आणि अर्जासोबत अभ्यासक्रमाची पाने जोडण्याचे मला सुचले नाही. तपासणाऱ्याला जे दिसले नाही, ते मी शिकलोच नाही असे धरले गेले. म्हणून प्रत्येक सत्राचा छापील अभ्यासक्रम आत्तापासून जपून ठेव, आणि तिसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय मैत्रिणींनी काय घेतले यावरून न निवडता या पुस्तिका समोर ठेवून निवड.

गुणांचे रूपांतर कसे होते, हेही समजून घे. तिथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा जेमतेम उत्तीर्ण असा क्रम असतो. समज, १० पैकी तुझा सीजीपीए ८ आहे आणि उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा ४ आहे. कमाल गुणांतून तुझे गुण वजा केल्यावर २ उरतात, त्यांना कमाल आणि किमान यांतील फरकाने, म्हणजे ६ ने भागायचे, ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. उत्तर येते २.०. अनेक अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते, तेव्हा दर सत्रानंतर हे गणित वहीत मांडत जा.

कागदपत्रांत आपल्याकडे हमखास अडणारी जागा म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे. पासपोर्टवर क्रम निराळा. एका अक्षराचाही फरक असला तर तो आत्ताच दुरुस्त करून घे, कारण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा जर्मन दूतावासाशी जोडलेल्या कार्यालयाचा दाखला, बंधनकारक झाले आहे आणि तिथे सगळी कागदपत्रे बारकाईने तपासली जातात. त्यासाठी काही महिने हाताशी असू देत.

पैशांविषयी घरी लवकर आणि मोकळेपणाने बोल. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता अर्धेच खरे आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. बाकीच्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत केवळ सत्र-वर्गणी असते. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो हाती येतात. शिकता शिकता मिळणाऱ्या कामावर हा हिशेब उभा करू नकोस. पहिल्या सत्रात अभ्यासच पुरेसा असतो. घरावर कर्ज काढायची वेळ येणार असेल, तर बाबांना सारे आकडे कागदावर लिहून दाखव. ते त्यांना कळायलाच हवेत.

भाषेच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरणार आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला, तरी घरमालकाचे पत्र, नगरपालिकेतील पत्त्याची नोंदणी, डॉक्टरांची वेळ आणि पुढे छोट्या कंपनीतली नोकरी हे सारे जर्मनमधूनच चालते. पुण्यात मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. या उन्हाळ्यात ए१ ही पहिली पातळी सुरू केलीस, तर निघेपर्यंत बी१ ही तिसरी पातळी सहज आवाक्यात येईल. रोज पाऊण तास दिलास तरी चालेल, पण खंड पडू देऊ नकोस.

हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलैपर्यंत असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती पुष्कळदा बरीच आधी संपते, तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाची तारीख स्वतंत्रपणे पाहा. तीन पुस्तिका वाचून झाल्या की एका बाजूला त्यांचे विषय आणि दुसऱ्या बाजूला तुझे, असा तक्ता करून मला पाठव. उणे कुठे आहे ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
सर