‘लाइफटाइम ऑइल’ असलेल्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल 70 हजार किलोमीटरनंतर बदलावं का?

बदला, आणि पावसाळ्याआधीच बदलून घ्या. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारी), राहायला रत्नागिरी, कोल्हापूरला आंबा घाटातून नेहमीचं जाणं-येणं. अशा गाडीला ‘ऑइलला हात लावायची गरज नाही’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. चिपळुणात माझं गॅरेज आहे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामं नेहमीचीच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते. तीसुद्धा 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला म्हणते. घाट, गर्दी, ओझं असेल तर त्याहून लवकर. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा तक्ता असतो, तो कुणी उघडून बघत नाही. कोकणातली गाडी त्याच तक्त्यात बसते. भरलेल्या ट्रकमागे घाट चढताना वेग इतका कमी असतो की कन्व्हर्टर लॉकच होत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जात नाही. इंजिनची ताकद ऑइल घुसळण्यात जाते, ऑइल तापतं आणि तापूनतापून त्याचा दम जातो. मी अशा गाड्यांना 50-60 हजार किलोमीटर किंवा 4 वर्षं सांगतो. सीव्हीटी (गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर 40 हजारच धरा. एएमटीची गोष्ट वेगळी. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्याचं गिअर ऑइल, तिथे जपायचा असतो तो क्लच. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा.

नुसतं ड्रेन करून भरलं तर साधारण निम्मंच ऑइल बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. म्हणून मी एकदा बदलतो, गाडी थोडे दिवस चालवायला सांगतो आणि मग परत बदलतो. आजवर ऑइल न बदललेल्या गाडीला मशीनने प्रेशर देऊन फ्लश करू देऊ नका. पॅन निघत असेल तर फिल्टर आणि गॅस्केट नवीन टाका, आणि पॅन उघडताना स्वतः समोर उभे राहा. तळाला लोहचुंबक असतात, त्यांवर राखाडी लगदा चिकटलेला असतो. चिमटीत चोळून बघा. मऊ लागला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारी कच किंवा चकचकीत तुकडे निघाले तर आत काहीतरी तुटतंय. ऑइल काळं होऊन जळकट वास येत असेल, D टाकल्यावर गाडी थांबून मग धक्का देत असेल, तर क्लचप्लेट आधीच गेल्यात. ‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स बसला’ अशी तक्रार येते ती बहुतेक अशाच गाड्यांची. तिथे ऑइल बदलून काही साधत नाही.

आणि पाणी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला वर हवेसाठी नळी असते, पाणी तिच्यावर चढलं की आत जातं. मग लाल ऑइल दुधाळ गुलाबी होऊन बाहेर येतं. क्लचप्लेटचं अस्तर ज्या गोंदावर चिकटलेलं असतं, तो पाण्याने सुटतो. पाणी पेट्रोल टाकीच्या उंचीपर्यंत आलेली गाडी सुरूच करू नका, उचलून गॅरेजला आणा. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, गाडी घालण्याचा मोहही टाळा. वाळूत चाक गरगरलं की काही मिनिटांत ऑइल उकळतं, आणि खाऱ्या पाण्याने कूलरचे पाइप गंजतात ते वेगळंच.

ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, यात तडजोड नाही. सीव्हीटीत साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल) ओतलं तर बेल्ट पुलीवर घसरतो. पातळी बघताना बहुतेक गाड्यांत इंजिन चालू हवं आणि ऑइल कंपनीने दिलेल्या तापमानाला आलेलं हवं. थंड गाडीवर अंदाजाने भरणाऱ्याकडे काम देऊ नका. बिलावर ग्रेड आणि किती लिटर टाकलं ते लिहून घ्या.