जर्मन सहकाऱ्यांना काय ऐकवू?

प्रश्न : मी श्टुटगार्टला नोकरी करते. ऑफिसातल्या आठ-दहा जणांना अर्धा तास मराठी संगीत ऐकवायचंय. निवड कशी करू?

उत्तर : पाच तुकडे पुरेत, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे. सुरुवात गोंधळाने करा. संबळ आणि तुणतुण्याला ओळख करून द्यावी लागत नाही. मग सुलोचना चव्हाणांची लावणी, त्यानंतर भीमसेन जोशींचा अभंग. आठ मात्रांच्या ठेक्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी द्यायला सांगा, मंडळी आपोआप गुंततात. बालगंधर्वांचं नाट्यपद चौथं ठेवा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे लांबण लागत नाही. मात्र खरखर असणार, हे आधीच सांगा. शेवटी मराठी रॅप. विलंबित ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायनातला अगदी संथ लयीचा प्रकार, पहिल्याच बैठकीत नको.

फसतं ते बहुधा स्पीकरमुळे. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर निघतच नाहीत. ढोलकीची धुम नाहीशी होते आणि उरते नुसती टकटक. बाहेरचा स्पीकर जोडाच. शोधताना देवनागरीत टाइप करा. रोमनमध्ये एकाच गाण्याची चार स्पेलिंगं असतात आणि वर येतात डीजे रिमिक्स. काही व्हिडिओ परदेशात उघडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी तिथल्याच नेटवर्कवर सगळे लावून पाहा. अर्थ गाण्याआधी दोन वाक्यांत सांगा. गाणं चालू असताना भाषांतर करत बसलात तर कोणी ऐकतही नाही, समजतही नाही.