दुपारचे तीन कधी वाजतात?

"माझी श्रद्धा संपली का हो, ताई?" बाई अजून बसल्याही नव्हत्या. वसईच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सासूबाईंचं दीड वर्ष अंथरुणात सगळं केलं. त्या गेल्या आणि हे सुरू झालं. रोजरीला, म्हणजे जपमाळेला बसलं की दुसऱ्या दशकालाच (दहा मण्यांच्या टप्प्यालाच) घड्याळाकडे नजर जायची. उठून फ्रीज उघडायचा, खिडकीत डोकवायचं, मोबाइल हातात घ्यायचा. चर्चमधली माणसंच कोरडी झालीत, दुसऱ्या पॅरिशला जावं, असंही मनात यायचं. "आळस हे पाप, लहानपणी शिकलेय. कन्फेशनला चारदा सांगून झालं. आता फादरांसमोर जायचीही लाज वाटते."

आधी झोप, भूक, जगावंसं वाटतं का, हे नीट विचारून घेतलं. नैराश्य असेल तर चौथ्या शतकातली पुस्तकं पुढे करणं हा अपराधच. तिथे डॉक्टर हवा. तशी चिन्हं नव्हती. मग मी इव्हाग्रियसचं एक वर्णन माझ्या शब्दांत सांगितलं.

हा इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी, ३९९ साली वारला. तो लिहितो की भर दुपारी साधूला वाटतं, सूर्य जागचा हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ, म्हणजे आपले दुपारचे तीन, किती लांब आहे ते पाहतो. मग त्याला जागा नकोशी होते, सोबतच्या साधूंमधलं प्रेम आटलंय असं वाटतं, दुसरीकडे जावंसं वाटतं.

बाई हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा, असं त्याच म्हणाल्या. "याने माझी खिडकी कुठे पाहिली?"

या अवस्थेला ग्रीक शब्द आहे अकेदिया. पुढे ती आळसाच्या पापात जमा झाली आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. इव्हाग्रियस तिला साधूला भुलवणाऱ्या आठ 'विचारां'पैकी एक मानतो. असे विचार यावेत की नाही हे आपल्या हाती नाही, ते रेंगाळावेत की नाही हे आहे, असं त्याचं म्हणणं. बाईंनी हे वाक्य दोनदा म्हणायला लावलं. चारदा कन्फेशनला गेलेल्या माणसाला त्याचं मोल कळतं.

उपाय मात्र मी इजिप्तच्याच दुसऱ्या एका तपस्व्याच्या, संत अंतोनीच्या गोष्टीतून घेतला. त्यालाही वाळवंटात हाच कंटाळा आला होता. तेव्हा त्याला आपल्यासारखाच एकजण दिसला: बसून दोरी वळतोय, उठून प्रार्थना करतोय, परत बसून दोरी वळतोय. तो देवदूत होता. म्हणाला, असंच कर, तरशील.

बाईंच्या वाडीत मोगरा. मी म्हटलं, एक दशक म्हणा, मग दहा मिनिटं फुलं ओवा, मग पुढचं दशक. फार कंटाळा आला तर स्वतःलाच विचारा, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" बायबलमधलं हे बेचाळिसावं स्तोत्र अशा वेळी म्हणावं, असं इव्हाग्रियसच सांगतो.

दोन महिन्यांनी आल्या. कंटाळा अजून येतो, पण पॅरिश बदलायचं खूळ गेलंय. घड्याळ? "तिकडे पाठ करून बसते." जाता जाता दारात थांबल्या. "मोगरा संपत आलाय, ताई. भिजवलेले वाल सोलले तर चालतील?"

चालतील, म्हटलं.