गूगलचा सिक्युरिटी अलर्ट खरा आहे का, हे मेल वाचून ठरवू नका

तुमच्या वडिलांना ‘तुमचा पासवर्ड वापरून कुणीतरी लॉगिन करायचा प्रयत्न केला, पासवर्ड ताबडतोब बदला’ असा गूगलच्या नावाने मेल आलाय आणि तो खरा की खोटा हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी त्यांना फोन करून सांगा की मेलमधलं बटण दाबू नका. मेल खरा निघाला तरी ते बटण दाबायची गरज पडत नाही.

ब्राउझर उघडून मायअकाउंट.गूगल.कॉम हा पत्ता स्वतः टाइप करायला सांगा आणि तिथे ‘सिक्युरिटी’मध्ये जायला सांगा. अलीकडच्या सुरक्षेच्या घडामोडी आणि खातं कुठल्या कुठल्या फोन-कॉम्प्युटरवर उघडं आहे, हे दोन्ही तिथे दिसतं. गूगलने खरंच इशारा दिला असेल तर त्याची नोंद तिथे असते. पासवर्ड बदलायचा असेल तर तोही तिथूनच बदलावा.

स्पेलिंगच्या चुका, गचाळ लोगो, ‘प्रिय ग्राहक’ ही जुनी लक्षणं अजून सगळीकडे सांगितली जातात. माझा त्यांच्यावर आता भरवसा नाही. चुका दिसल्या तर मेल खोटा समजायला हरकत नाही, पण चुका नाहीत म्हणून तो खरा ठरत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१६ चं आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना १९ मार्चला असाच मेल आला. युक्रेनमधून कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरला, गूगलने ते लॉगिन अडवलं, आता पासवर्ड बदला, असा मजकूर आणि खाली बटण. त्यांच्या कार्यालयाने मेल तांत्रिक मदतनिसाला दाखवला. त्याने उत्तर दिलं की मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदला. आपल्याला उलट लिहायचं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. पण त्याच उत्तरात त्याने गूगलची खरी लिंकसुद्धा दिली होती. ती वापरली असती तर मेल खरा मानूनही काही बिघडलं नसतं. दाबलं गेलं ते मूळ मेलमधलं बटण. ऑक्टोबरपासून पोडेस्टांचे हजारो मेल गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या साइटवर येऊ लागले. म्हणून मी खरं-खोटं ओळखण्यापेक्षा कुठून आत जायचं यावर इतका जोर देतो.

त्या बटणामागे आधी एक छोटी केलेली लिंक होती आणि तिच्यामागे ‘मायअकाउंट.गूगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके’ असा पत्ता. घाईत डोळा ‘गूगल.कॉम’वर थांबतो. पत्ता वाचताना ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यापुढे पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे दोन तुकडे साइटचा मालक सांगतात (‘को.इन’, ‘बँक.इन’ असा शेवट असेल तर तीन). इथे मालक ‘कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके’ निघतो, म्हणजे गूगल नव्हेच. फोनवर लिंक दाबून धरली की बहुतेक अ‍ॅपमध्ये पूर्ण पत्ता दिसतो. कुलपाचं चिन्ह मात्र बघू नका, ते खोट्या साइटलाही सहज मिळतं.

पाठवणाऱ्याचा पत्ता तपासा, असं अनेक जण सांगतात. तो जरूर बघा, पण त्यावर विसंबू नका. एप्रिल २०२५ मध्ये भामट्यांनी गूगलनेच डिजिटल सही केलेला खरा मेल पकडून पुढे पाठवला होता. पाठवणारा गूगल दिसत होता, मेल सेवेच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत मेल पास होत होता आणि लिंक गूगलच्याच मोफत साइट बनवायच्या सेवेवर नेत होती.

ओटीपी चालू आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. खोटं पान तुम्ही टाकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटला पुरवू शकतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) तशी फसत नाही, कारण ती मूळ साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते. वडिलांच्या फोनवर ती चालू करून द्या, रोजचं लॉगिनही सोपं होईल. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं अ‍ॅप) वापरत असाल आणि एखाद्या पानावर त्याने पासवर्ड भरला नाही, तर हाताने भरण्याआधी पत्ता पुन्हा वाचा.

त्यांनी पासवर्ड आधीच टाकला असेल तर रागवू नका. घाबरलेलं माणूस लपवाछपवी करतं आणि त्यात वेळ जातो. पासवर्ड बदला, अनोळखी उपकरणं साइन आउट करा, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल त्यांचाच आहे ना ते बघा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ उघडा. ही पायरी बहुतेकांची राहून जाते. चोराने मेल स्वतःकडे वळवायचा किंवा बँकेचे मेल परस्पर डिलीट करायचा नियम लावून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलून तो जात नाही, स्वतः काढावा लागतो. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर बाकी सगळं थांबवून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.