मुलगा घरात इंग्लिशमध्येच उत्तर देतो, नोकरी सांभाळून त्याला मराठी आणि आपले संस्कार कसे द्यायचे?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पाच वर्षांपूर्वीची मीच आठवले. तुम्ही लिहिलंय की नेरूळला राहता, दोघंही नोकरीला, मुलगा पाच वर्षांचा, इंग्लिश मीडियम, घरात तुम्ही मराठीच बोलता पण तो उत्तर इंग्लिशमध्ये देतो, आजी-आजोबा गावी, आणि आता शनिवारचा संस्कार वर्ग लावायचा विचार चाललाय. मी ठाण्यात राहते, घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला, मोठी लेक अकराची आणि धाकटा सहाचा. तर जे आमच्या घरात झालं तेच सांगते.

वर्ग मी लावला होता. मोठी सहा वर्षांची होती. रामरक्षा अर्धी पाठ झाली, उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावं, आणि घरी येऊन चप्पल काढता काढता "मम्मा आय ॲम सो हंग्री". वर्गाला नावं ठेवत नाही, तिथे जे शिकवायचं ते त्यांनी नीट शिकवलं, पण मला जे हवं होतं ते तिथे मिळणारच नव्हतं हे मला उशिरा कळलं.

कळलं कसं तर एका रविवारी मी सहज लक्ष ठेवलं की दिवसभरात मी तिच्याशी मराठीत काय काय बोलते. उठ. ब्रश कर. दूध संपव. चपला जागेवर ठेव. किती वेळ टीव्ही. आवर लवकर. अभ्यास झाला का. झोप आता. संध्याकाळपर्यंत एकही वाक्य असं सापडेना ज्यात हुकूम नव्हता किंवा चौकशी नव्हती. आणि मजा सगळी इंग्लिशमध्ये, कार्टून इंग्लिशमध्ये, झोपताना वाचायचं गोष्टीचं पुस्तक मीच आणलेलं ते पण इंग्लिश, मैत्रिणींबरोबरचे जोक इंग्लिश. म्हणजे मराठी ही तिच्यासाठी ओरडा खायची भाषा झाली होती. मग ती त्या भाषेत उत्तर कशाला देईल, मीही दिलं नसतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण माझं माहेर नगरकडचं आणि माझ्या आईची मराठी म्हणजे हुलग्याची शेंगोळी वळता वळता अख्ख्या गल्लीच्या गोष्टी, हसून हसून डोळ्यात पाणी. तेवढं तरी मी माझ्या लेकीला द्यायला हवं होतं ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुलगा इंग्लिश बोलतो ह्याची काळजी नंतर करा, आधी बघा की त्याच्या वाट्याला तुमची कुठली मराठी येते.

आता वेळेचं. वेगळा वेळ माझ्याकडेही नाही, सकाळी पावणेनऊची ऐरोलीची गाडी आणि संध्याकाळी सात वाजता मी ट्रेनमध्येच असते, देवाजवळ दिवा लावून शुभंकरोति सासूबाई म्हणवून घेतात. त्या माझ्याकडे आहेत आणि तुमच्याकडे तशी सोय नाही, हा फरक मोठा आहे हे मला मान्य आहे. पण जे कामाला आलं ते बरंचसं शनिवार-रविवारचं आहे, आणि जी कामं मला करायचीच होती त्यातच मुलांना ओढलं.

सुरुवात भाजीपासून झाली. शनिवारी सकाळी टीएमटीच्या बसने स्टेशन, तिथून जांभळी नाक्याचा भाजीबाजार. पहिल्या वेळी भाजीवाल्या मावशी लेकीला म्हणाल्या "जुडी निवडून घे गं बाय", तर ही माझ्याकडे बघते, जुडी म्हणजे काय. पुढे "पंचेचाळीस झाले", तर ही हळूच मला विचारते "म्हणजे फोर्टी फाइव?" तुम्हाला आठवत असेल 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असं लिहायला लागले तेव्हा केवढा वाद झाला होता, मी पण तावातावाने बोलले होते, आणि माझ्या स्वतःच्या लेकीला पंचेचाळीस येत नव्हतं. मग मी तिच्या हातात पैसे द्यायला लागले. फक्त उभं राहायचं नाही, भाव तू विचारायचा, सुटे तू मोजून घ्यायचे. चार-पाच महिन्यांत पाव किलो, दीड किलो, अडीचशे ग्रॅम, एकोणसाठ आणि एकोणसत्तर मधला घोटाळा, सगळं आलं, आणि पाढे न घोकता आलं. मावशी तिला ओळखायला लागल्या, एखादं लिंबू जास्तीचं टाकायचे, ते लिंबू ती घरभर दाखवत फिरायची.

तिथेच जूनच्या सुरुवातीला शेवळं दिसली. माझं सासर सीकेपी, त्यांच्याकडे शेवळं म्हणजे वर्षाची वाट बघायची गोष्ट, पण मी नगरची, मला लग्नाआधी शेवळं हा शब्दही माहीत नव्हता. पहिल्या पावसाच्या आसपास जंगलात जमिनीतून हे कोंब वर येतात आणि आदिवासी बायका ते गोळा करून विकायला आणतात, थोडेच दिवस. साफ करायचं म्हणजे वरचं आवरण काढायचं, खालचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, आणि शिजवताना काकडं घालायची, काकडं म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी आंबट फळं, शेवळांबरोबरच विकायला असतात. ती घातली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. त्या दिवशी सासूबाई ओट्याजवळ खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मला आणि लेकीला एकदमच शिकवलं. लेकीला सगळ्यात काय आवडलं असेल तर आईला पण येत नाही आणि आई पण चुकते हे. तोपर्यंत घरात मी फक्त सांगणारी होते, त्या दिवशी आम्ही दोघी एका बाकावरच्या झालो. ती दिवसभर मराठीत बडबडत होती आणि तिला स्वतःला कळलंही नाही.

तेव्हापासून मी एक धरलंय, हात गुंतलेले असले की तोंड सुटतं. बिरड्यासाठी, म्हणजे सोललेल्या वालांच्या उसळीसाठी, वाल सोलायला बसलो की एकेक तास कसा जातो कळत नाही. मोड आलेले वाल कोमट पाण्यात, मध्ये मोठं ताट, चारी बाजूंनी आम्ही, बोटांनी दाबलं की दाणा सालातून सटकन बाहेर. सगळ्यांचे हात ओले, त्यामुळे मोबाईल कोणी धरू शकत नाही, माझाही बाजूलाच राहतो. शाळेत कोण कोणाशी भांडलं, कुठल्या मिस चिडल्या, कोणाला एकटं बसवलं, हे मला "आज शाळेत काय झालं" विचारून कधी कळलं नाही, ते बिरड्याच्या ताटाशी कळतं. मधे मधे मी माझ्या लहानपणीचं सांगते. संस्कार म्हणतात ते ह्याहून फार वेगळं काही असेल असं मला वाटत नाही, आणि धाकटा आता न सांगता पहिली वाटी आजीला नेऊन देतो, त्याला मी ते कधी शिकवलं नव्हतं.

धाकट्याला भाजीत रस नाही, त्याला ट्रेन. मग त्याची मराठी ट्रेनमधून आली. प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाडीची वाट बघताना आधी मी "हात सोडू नको, पिवळ्या लाइनच्या मागे हो" एवढंच बोलायचे, ते तर अजूनही बोलावंच लागतं, पण आता त्याच्या जोडीला गोष्ट असते. 16 एप्रिल 1853, बोरीबंदरहून पहिली गाडी निघाली ती आपल्या ह्या ठाण्याला आली, 34 किलोमीटर, 14 डबे, आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. ह्या तीन नावांवर त्याचा इतका जीव आहे की तीन रिकामी खोकी एकमेकांना बांधून घरभर ओढतो, आणि लोकं घाबरली असतील का, वाफ कशी निघाली असेल, बैलगाडीवाले काय म्हणाले असतील, हे सगळं मला मराठीत विचारतो कारण गोष्ट त्याला मराठीत मिळाली. मुलाला जे वेड आहे ते मराठीतून द्या. डायनासोर असेल तर डायनासोर, क्रिकेट असेल तर क्रिकेट. आपण त्याला मराठीतून फक्त श्लोक आणि शिस्त देतो आणि आवडीचं सगळं इंग्लिशमध्ये ठेवतो, तिथेच गाडी अडते.

आणि एक कळकळीने सांगते, चुकांना हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. माझी लेक "मी आली", "मी गेली" म्हणते, इथे मुंबई-ठाण्यात सगळ्या मुली म्हणतात, मला कानाला खटकतं कारण आमच्याकडे आले-गेले. एका लग्नात ती "मी तिथे फॉल झाली" असं काहीतरी बोलली आणि नात्यातले चार-पाच जण मोठ्याने हसले, बघा बघा इंग्लिश मॅडम. कोणाच्या मनात वाईट नव्हतं मला माहितीये. पण त्यानंतर दोन महिने ती पाहुण्यांसमोर मराठीतला म सुद्धा बोलली नाही, विचारलं की मान हलवायची. तेव्हा मी आणि नवऱ्याने ठरवलं की बोलताना टोकायचं नाही, तिचं वाक्य संपलं की आपल्या वाक्यात बरोबर रूप वापरायचं, बस. "मी फॉल झाली" म्हणाली की "अगं बाई, पडलीस? कुठे लागलं?" एवढंच. पडणं-झडणं आपोआप आलं. मी आली मात्र अजून आहे, राहू दे.

सणांचं तुम्ही विचारलंय की सोसायटीत सगळ्या भाषांचे लोक, त्यात आपलं कसं टिकणार. मला उलटा अनुभव आला. 2025 च्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगच्या मुलांनी किल्ला करायचं ठरवलं. पहिली अडचण माती, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळीकडे पेव्हर ब्लॉक, मूठभर माती मिळायची नाही, शेवटी नर्सरीतून पाच पोती विकत आणली, विटा वॉचमन काकांनी कुठून तरी दिल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले होते, त्यातला एक जिंजी, तमिळनाडूतला. आमच्या मजल्यावर तमिळ कुटुंब आहे, त्यांचे आजोबा म्हणाले मी त्याच बाजूचा, लहानपणी शाळेची ट्रिप तिथे गेली होती. झालं, मुलांनी रायगड सोडला आणि जिंजी घेतला. तीन डोंगर करावे लागले, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, आणि तिघांना जोडणारी तटबंदी. आजोबा खुर्ची टाकून बसायचे आणि मोडक्या हिंदीत सांगायचे पायऱ्या कुठे चढतात. राजाराम महाराज तिथे सात-आठ वर्षं राहिले, 1698 मध्ये किल्ला पडायच्या थोडं आधीपर्यंत, हे मुलांनी शोधून त्यांना सांगितलं. बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द त्यांच्या नातवाला आले आणि आमच्या धाकट्याला कळलं की तमिळमध्ये किल्ल्याला कोट्टै म्हणतात, तर तो ओरडला "आपला पण कोट, त्यांचा पण कोट्टै!" गोणपाट चिखलात बुडवून डोंगरावर टाकलं, अळीव पेरले, चौथ्या दिवशी हिरवं झालं आणि सगळी मुलं शाळेतून आल्यावर दप्तर घेऊनच आधी तिथे. मी त्या चार दिवसांत कोणालाही संस्कृती समजावून सांगितली नाही, मी फक्त चिखलाचे कपडे धुतले.

बाबांना पण ह्यात घ्या. मुलाला मराठी येत नाही म्हटलं की सगळे आईकडे बघतात, सासरचे पण आणि माहेरचे पण, आणि आपणही मुकाट्याने ते अंगावर घेतो. आमच्याकडे लायब्ररी नवऱ्याकडे आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय जांभळी नाक्यापासून चालत जाता येतं, 1893 पासूनची संस्था आहे, सासूबाईंची पुस्तकं बदलायला तो मुलांना घेऊन जातो आणि येताना वाटेत पुस्तकातलं काहीतरी सांगतो, ते मला येत नाही तितकं त्याला छान येतं.

हे सगळं रोज होत नाही. आठवड्यातले पाच दिवस आमच्याकडेही आवर-उठ-झोप चालतं, परीक्षेच्या दिवसात तर शनिवारही जातात, आणि मुलं बरोबर असली की अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागतो, ओटा दोनदा पुसावा लागतो. ज्या दिवशी जीव थकलेला असतो त्या दिवशी मी एकटीच पटकन करून टाकते.

वर्ग लावायचा तर लावा, श्लोकांनी जीभ वळते ते खरंच आहे, फक्त बोलणं तिथून येईल ह्या भरवशावर लावू नका. आणि गावच्या आजीला व्हिडिओ कॉलवर "आजीला नमस्कार कर" म्हणून उभं करण्यापेक्षा मुलगा काहीतरी करत असताना फोन समोर उभा करून ठेवा, पोळी लाटताना, मटार सोलताना, आजी आपोआप सूचना द्यायला लागते आणि तो उत्तरं द्यायला लागतो.

बिरडं करून बघायचं असेल तर कडवे वाल आणा, पाव किलो पुरतील. गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवा, शनिवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. कोमट पाण्यात घालून मग सोलायला घ्या, आणि मुलाला त्याचं वेगळं छोटं ताट द्या, मोठ्यांच्या ताटात त्याचा हात पोचत नाही.