वस्तीत शिकवायला जायचंय? आधी पाच-सहा मुलं वाचती करा

तुझा प्रश्न वाचला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कर्वेनगरला हॉस्टेल, सोबत चार मित्रमैत्रिणी, आणि दर रविवारी दोन तास जवळच्या वस्तीतल्या मुलांना शिकवायचं मनात आहे. एखाद्या संस्थेतून जावं की आपलं आपण सुरू करावं, काय शिकवावं, आणि एवढ्याशा वेळात मुलांचं खरंच काही भलं होतं का, असं विचारलं आहेस. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’च म्हणते. कॉलेजात असताना मी या कामात आले, नोकरी सांभाळून अजूनही करते. आता नव्याने येणाऱ्या मुलामुलींना तयार करण्याचं काम जास्त असतं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. भलं होतं, पण काहीही शिकवलं तरी होतं असं नाही. रविवारी चाळीस मुलं गोळा होतात. थोडं गणित, थोडं इंग्रजी, थोडी चित्रकला होते, शेवटी गाणं म्हणून सगळे घरी जातात. मुलं खूश असतात, तुम्हीही. पण पाचवीतल्या मुलीला जुलैमध्ये दुसरीचा धडा वाचता येत नव्हता आणि मार्चमध्येही येत नसेल, तर त्या रविवारांनी तिला काय दिलं? तिला भूगोल, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच बंद आहे, कारण वाचता येत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच की मुलं थोडी घ्या, काम एकच घ्या, वाचनाचं, आणि ती वाचायला लागेपर्यंत सोडू नका.

बी.एड. नसलेल्या माणसाला हे जमतं का? जमतं, आणि ते तपासून झालेलं आहे. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला होता. त्याच भागातली, दहावी-बारावी झालेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो (दोघंही २०१९चे नोबेल मानकरी) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नीट अभ्यास केला, आणि मुलं पुढे गेलेली दिसली. पण त्या मुली शाळेच्या दिवशी रोज दोन तास शिकवायच्या, हेही लक्षात ठेव. आठवड्याचे दोन तास आणि रोजचे दोन तास यात फार अंतर आहे. आपल्याला वेळ फारसा वाढवता येत नाही, तर मुलांची संख्या कमी करायची आणि विषय एकावर आणायचा. दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

वेळही मोड. रविवारी सलग दोन तास घेण्यापेक्षा आठवड्यातून तीन संध्याकाळी एकेक तास घ्या. वाचायला शिकणारं मूल सहा दिवसांच्या खंडात बरंच विसरतं. तुम्ही पाच जण आहात. प्रत्येक वाराला दोघं ठरवून टाका, म्हणजे कुणाच्याही वाट्याला आठवड्यातून दोनापेक्षा जास्त संध्याकाळी येणार नाहीत. एकट्याने कधीच जायचं नाही. एक आजारी पडला तर दुसरा असतो, आणि इतर कारणांसाठीही दोघं असणं बरं, ते पुढे सांगते. वार निवडताना वस्तीतल्या बायकांना विचारा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर ते बहुतेक गुरुवारी, आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. त्या दिवशी हंडे-कळश्या भरायला मुलीच लागतात. आपला वर्ग त्या वेळेला ठेवला तर मुली येणार नाहीत आणि ‘पालकांना शिक्षणाची किंमत नाही’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होऊ. रविवारही वस्तीत तुला वाटतो तितका मोकळा नसतो.

संस्थेचं म्हणशील तर पहिलं वर्ष तरी संस्थेबरोबरच कर. डोअर स्टेप स्कूल १९८८ साली मुंबईत सुरू झाली आणि पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी बरीच वर्षं काम करते आहे. त्यांची बसमध्ये भरणारी शाळा तू रस्त्यात पाहिलीही असशील. शहरभरच्या साइटवर फिरून शाळेबाहेरची मुलं नोंदवायला त्यांना स्वयंसेवक लागतात आणि ते काम विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखं आहे. तुझ्या जवळ, कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी पालकनीती परिवारचं ‘खेळघर’ आहे. मुलांशी कसं बोलावं, त्यांचं कसं ऐकावं हे तिथे बघून शिकता येतं. टीच फॉर इंडियाबद्दल कुणी सुचवेल, पण ती पदवीनंतरची दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप आहे, ती आत्ता तुझ्यासाठी नाही. कॉलेजात एन.एस.एस.ला (राष्ट्रीय सेवा योजनेत) असशील तर वर्षाला १२० तास भरायचे असतात. हे काम त्यात धरता येईल का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधीच विचारून घे.

संस्था असली की जागा, पालकांचा विश्वास आणि अडचणीच्या वेळी कुणाकडे जायचं, हे तिन्ही प्रश्न सुटतात. बांधकामावर तर गेटवरचा वॉचमनच आत सोडत नाही, आणि सोडलं तरी सळया, उघडे खड्डे आणि डंपर यांच्यामध्ये वर्ग भरवायची जबाबदारी तुम्ही पाच जणांनी अंगावर घेऊ नये. वस्तीत जागा लागते ती समाजमंदिरात, बुद्धविहारात, अंगणवाडीच्या खोलीत नाहीतर गणेश मंडळाच्या खोलीत मिळते. अंगणवाडीताईंना भेटल्याशिवाय काही ठरवू नका. कुठल्या घरातलं मूल शाळेत जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मंडळाची खोली मिळाली तर गणपतीच्या आधी काही आठवडे ती देखाव्याच्या सामानाने भरून जाणार हे धरून चाला आणि तेवढ्या दिवसांची दुसरी जागा जुलैमध्येच बघून ठेवा.

आता वाचन. पहिल्या आठवड्यात कुणाला काहीही शिकवू नका. एकेका मुलाला जवळ बसवून, बाकीची मुलं ऐकत नाहीत असं बघून, पाच मिनिटं वाचून घ्या. मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणारी ‘असर’ची पाहणी करतात तसंच. आधी सोपा उतारा द्यायचा. आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. ‘असर’ची ही पाहणी ग्रामीण भागाची असते, पण २०२४ला देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४९ टक्क्यांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला, हे कळलं की आपल्यासमोरचं मूल ‘ढ’ नाही हे मनात पक्कं बसतं. गट या पातळीनुसार करा. यत्ता विसरा. सहावीतला मुलगा तिसरीतल्या मुलांबरोबर बसायला लाजतो, म्हणून मोठ्या मुलांची वेळ वेगळी ठेवा. त्याला बाळबोध चित्रांची पुस्तकंही देऊ नका. क्रिकेटची बातमी सोप्या वाक्यांत लिहून दिली तर तो ती वाचायला धडपडतो.

ज्यांना अक्षरंच येत नाहीत त्यांना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पाठ करायला लावू नका. ती माळ त्यांनी शाळेत अनेकदा म्हटलेली असते आणि मधलं एखादं अक्षर दाखवलं की पुन्हा ‘अ’पासून मोजत येतात. क, म, न, र, ल एवढी पाच अक्षरं आणि काना घ्या. काका, मामा, नाना, नाक, कान, काम, मका, लाल, राम, कमान. मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरे शब्द वाचू लागतं, आणि आपल्याला वाचता येतं हे त्याला स्वतःला कळतं. मग वेलांटी आली की काकी, मामी, नानी, काली. अक्षरं वाढवत जायची, पण प्रत्येक वेळी आधीच्या अक्षरांबरोबर शब्द होतील अशीच.

पुण्याच्या पाट्या यासाठी फार उपयोगी पडतात. ‘हडपसर’ या शब्दात काना नाही, मात्रा नाही, नुसती पाच अक्षरं. ‘खडकी’त एक वेलांटी, ‘धनकवडी’तही एकच. ‘वडगाव’, ‘निगडी’, ‘वारजे’ त्याच्या पुढचे. ‘कात्रज’, ‘स्वारगेट’ आणि ‘पर्वती’ अगदी शेवटी, कारण जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात जास्त छळतात. ज्या दिवशी मूल बसवरची पाटी वाचून घरी आईला सांगतं, त्या दिवसापासून आई त्याला वर्गाला स्वतःहून पाठवते.

आणखी एक गोष्ट रोज करा. मुलाला आज काय झालं ते विचारा. ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि त्याला वाचायला द्या. ‘आमच्या कोंबडीनं नऊ अंडी दिली’ हे त्याचं स्वतःचं वाक्य असतं, त्यामुळे अडखळलं तरी पुढचा शब्द त्याला अंदाजाने सापडतो. भाषा दुरुस्त करत बसू नका. नांदेडकडून आलेलं मूल नांदेडकडचंच बोलणार. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), कन्नड किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांना आधी मराठी कानावर पडू दे. दोन महिने गाणी, गोष्टी, गप्पा. जी भाषा समजतच नाही तिची अक्षरं शिकवून हाती काही लागत नाही.

पालक इंग्रजी मागतील. मागणं रास्त आहे, त्यांनी शहर बघितलेलं असतं. त्यांना सांगा की मराठी वाचता आली की इंग्रजी घेऊ, आणि तसं खरंच घ्या. गृहपाठही घेऊन येतील. शेवटची दहा मिनिटं त्याला द्या, पण फळ्यावरून उतरवून देण्याचं काम करू नका. गणितात ही मुलं तोंडी पुष्कळ हुशार असतात. भाजीच्या गाडीवर बसणारी मुलगी सुट्टे पैसे चटकन देते आणि तीच वजाबाकी कागदावर अडते. तिच्या तोंडी रीतीपासूनच सुरुवात करा.

आपला वर्ग शाळेच्या जागी नाही, हे मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगते. शाळाबाह्य मूल दिसलं तर पहिलं काम त्याला शाळेत घालणं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला गावाकडे राहिला, वर्ष निम्मं सरलं, यातल्या कुठल्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. हे शाळेतही सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. कर्नाटकातल्या यादगीरकडून आलेल्या एका आईला दाखल्यावरून परत पाठवलं होतं. आम्ही तिच्याबरोबर गेलो, कायद्याचा कागद मुख्याध्यापकांपुढे शांतपणे ठेवला, आणि मुलगी त्याच आठवड्यात वर्गात बसली. भांडायला जाऊ नका, त्या शिक्षकांशी तुम्हाला वर्षभर संबंध ठेवायचे आहेत. पालकांना मात्र सोबत न्या. बोलणं त्यांचं, आधार आपला.

धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून घरी राहणाऱ्या मुली पुष्कळ दिसतील. त्यांना बाळ घेऊनच वर्गाला यायला सांगा. कोपऱ्यात चटई टाका, तुमच्यातलं एक जण बाळांपाशी बसेल. वर्गाला थोडा त्रास होतो. होऊ दे. मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघांनी ताराबाई मोडकांबरोबर कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने कुरणात जायचं, इतका साधा विचार होता तो. चटईचा कोपरा मला त्याच वाटेवरचा वाटतो.

वागण्याबद्दल थोडं कडक बोलते. मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत, वाढदिवसाचा केक घेऊन जाऊन तर नाहीच. आपल्या घरातल्या मुलाचा फोटो अनोळखी माणसाने असा टाकलेला आपल्याला चालत नाही. मारायचं नाही, टाकून बोलायचं नाही. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. बाप काय करतो, दारू पितो का, जात कोणती, हे विचारायचं नाही. मूल स्वतःहून काही भयंकर सांगू लागलं तर नीट ऐकून घ्या, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे विद्यार्थी असल्याची सबब चालत नाही.

शेवटी तुझ्या परीक्षा. सेमिस्टर संपताना तुम्ही पाचही जण एकदम नाहीसे होणार, हे आत्ताच दिसतंय. मुलांच्या आयुष्यात माणसं न सांगता जाणं आधीच फार असतं, त्यात आपली भर नको. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा की आम्ही मार्चअखेरपर्यंत येणार, मध्ये परीक्षेची अमुक सुट्टी. तारीख भिंतीवर लिहा आणि पाळा. दिवाळीत निम्मी वस्ती गावी जाते, काही घरं महिनाभर परतत नाहीत, तेव्हा परीक्षेची सुट्टी शक्य तितकी त्याच सुमारास घ्या. प्रत्येक मुलाचं एक पान असलेली वही ठेवा. कोणती अक्षरं येतात, कुठे अडतं, काय आवडतं. फेब्रुवारीत कॉलेजातल्या धाकट्या वर्षाच्या दोघातिघांना सोबत न्यायला लागा आणि वही त्यांच्या हातात द्या.

पुस्तकांवर फार खर्च करू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी मराठी व्हिडिओंमध्ये आहेत, कंटाळलेल्या वर्गाला ती जागं करतात. वस्ती ठरली की मुलांची वयं आणि घरची भाषा इथेच कळव. सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या गोष्टींची यादी मी काढून देते.