गेम आर्टचा पोर्टफोलिओ: कुणाला दाखवायचा आणि कुणाचं ऐकायचं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचं फोल्डर दोन्ही मिळालं. वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुझी हकीकत थोडक्यात सांगतो. तू कराडजवळचा, वय 22. बारावीनंतर पुण्यात गेम आर्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा केलास आणि गेलं वर्षभर घरी बसून फ्रीलान्स कामं करतोयस. मागच्या महिन्यात एका गेम स्टुडिओच्या आर्ट लीडना, म्हणजे तिथल्या कलाविभागाच्या प्रमुखांना, आर्टस्टेशनची (कलाकार आपली कामं मांडतात त्या साइटची) लिंक पाठवलीस. त्यांचं तीन वाक्यांचं उत्तर आलं: "पोर्टफोलिओ विखुरलेला आहे. टेक्स्चर कुठेही दिसतात तशीच आहेत. गेमसाठी काम करायची तांत्रिक समज दिसत नाही." त्याच आठवड्यात साइटवरच्या तुझ्या 'वाड्याचा दरवाजा' या थ्रीडी मॉडेलखाली कुणीतरी "ट्युटोरियल बघून केलंय" असं लिहून गेलं, आणि एका क्लायंटने चौथ्यांदा बदल सांगून "अजून मजा येत नाहीये" असं कळवलं. तू वैतागून सगळं काम साइटवरून काढून टाकलंस. वडील म्हणतात, एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) कर आणि चित्रकला शिक्षकाची नोकरी बघ. आणि तू मला विचारतोस, "माझ्यात खरंच ते नाही का?"

आहे. तुझा हात चांगला आहे, हे फोल्डर बघून मी सांगतो. आणि त्या आर्ट लीडचं म्हणणंही बरोबर आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे पचायला तुझ्या वयात जड जातं. तू चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्हींत 'ए' ग्रेड मिळवलीस, असं लिहिलंयस. त्या परीक्षांत चित्र दिलं की काही महिन्यांनी एक अक्षर हातात येतं. स्थिरचित्रात सावली कुठे चुकली, निसर्गचित्रातली झाडं सगळी एकसारखी का दिसतात, हे कुणी लिहून पाठवत नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं अशीच वाढतात. मग पहिल्यांदा कुणी कामावर बोट ठेवलं की तीही एक ग्रेडच वाटते, नापासाची. तीन वाक्यं लिहिणाऱ्या त्या माणसाने तुला ग्रेड दिलेली नाही. रोज ढिगाने लिंका येणाऱ्या माणसाने वेळ काढून नेमकं काय कमी पडतंय ते सांगितलं. बहुतेकांना उत्तरच येत नाही.

आता त्या वाक्यांकडे एकेक करून बघू.

"विखुरलेला" म्हणजे काय? तुझ्या पोर्टफोलिओत 27 कामं होती. महाराजांचं पोर्ट्रेट, ॲनिमे पात्रांची फॅन आर्ट, दोन लोगो, बहिणीच्या लग्नाची पत्रिका, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणारा प्रत्येकजण करतो तो डोनट, एक कंदील, एक तलवार आणि दरवाजा. काम देणारा माणूस पोर्टफोलिओ उघडतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: माझ्या हातातलं हे काम याला दिलं तर मला निर्धास्त राहता येईल का? त्याला समजा जुन्या बाजारपेठेसाठी चाळीस वस्तू करून हव्या आहेत. तुझ्या पानावर त्याला त्याचं उत्तर सापडत नाही. तू सगळं करू शकतोस असं तुला दाखवायचं होतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचलं ते एवढंच की तू नेमकं काय करतोस हे तुझंच ठरलेलं नाही.

म्हणून आधी ठरव. फोल्डरवरून माझं मत असं की तू प्रॉप आणि एनव्हायर्नमेंट आर्टिस्ट आहेस, म्हणजे गेममधल्या वस्तू आणि परिसर घडवणारा. माणसांचे चेहरे तू आवडीने करतोस, पण वस्तूंमध्ये तुझी नजर जास्त तीक्ष्ण आहे. पोर्ट्रेट इन्स्टाग्रामवर राहू दे, पत्रिका घरच्या अल्बममध्ये. पोर्टफोलिओत पाच-सहा कामं पुरेत, पण ती एकाच प्रकारच्या नोकरीकडे बोट दाखवणारी हवीत. आणि सहावं काम पहिल्या पाचांच्या तोडीचं नसेल तर पाचच ठेव, कारण बघणारा तुझी पातळी सर्वांत कच्च्या कामावरून धरतो.

दुसरं वाक्य टेक्स्चरचं, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवलेल्या रंग-पोताचं. इथे मी तुझ्या दरवाजावर थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुझं सगळं बलस्थान आणि सगळी उणीव त्या एका कामात आहे.

वाड्याचा मोठा दरवाजा, त्यात दिंडी (ये-जा करायचा छोटा दरवाजा), वर लोखंडी खिळे, कडी. प्रमाण उत्तम, फळ्यांची जोडणी बरोबर. पण तू सबस्टन्स पेंटर या टेक्स्चर रंगवायच्या सॉफ्टवेअरमधलं जुन्या लाकडाचं स्मार्ट मटेरियल, म्हणजे तयार मिळणारा पोत, उचलून तसंच लावलंस. त्यामुळे प्रत्येक कड सारखीच खरवडली गेलीय, वरच्या चौकटीपासून खालच्या फळीपर्यंत. खऱ्या वाड्यात मोठा दरवाजा क्वचित उघडतो, ये-जा असते ती दिंडीतून. म्हणून दिंडीचा उंबरा मधोमध पायांनी झिजलेला असतो आणि कडांना जवळजवळ मूळचाच राहतो. कडीच्या भोवती हाताच्या तेलकटपणाने लाकूड काळपट आणि गुळगुळीत होतं. कडी हलून हलून लाकडावर कमानीसारखा ओरखडा उमटतो. खिळ्यांचा गंज पावसाच्या पाण्याबरोबर खालीच ओघळतो, चहूबाजूंना पसरत नाही. जमिनीपासून वीतभर भाग पाण्याच्या शिंतोड्यांनी करडा पडून उकलतो, आणि वर कपाळपट्टीखाली मात्र जुना तेलरंग शाबूत असतो. यातलं एकही तुझ्या दरवाजावर नाही. ट्युटोरियलचा शेरा मारणारा माणूस उद्धटपणे बोलला, पण त्याने आणि आर्ट लीडने एकच गोष्ट पाहिली. एकमेकांना न ओळखणारे दोघेजण एकाच ठिकाणी बोट ठेवतात तेव्हा तिथे दुरुस्ती हवी, एवढं समजून चालायचं.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तुला एका दिवसात जाऊन येता येईल. पूर्ण दरवाजाचा एकच फोटो काढून परत येऊ नकोस. उंबरा, बिजागरी, कडीच्या मागचं लाकूड, खालची वीतभर पट्टी यांचे जवळून फोटो काढ आणि कुठली झीज कशाने झाली ते वहीत लिही. हा अभ्यास पोर्टफोलिओत दरवाजाशेजारी लाव. विषय आपल्याकडचा आहे म्हणून बाहेरच्यांना कळणार नाही, ही तुझ्या पत्रातली भीती सोडून दे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम काढला. त्यातल्या वास्तूंवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे, आणि तो निन्टेन्डो स्विचवर आणि इतर कन्सोलवर जगभर गेला.

तिसरं वाक्य, तांत्रिक समज. तू फक्त एक देखणा रेंडर, म्हणजे मॉडेलचं तयार चित्र, लावला होतास. गेममधलं मॉडेल इंजिनात (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) धावायचं असतं, ते कसं बांधलंय हे रेंडरवरून कळत नाही. तुझी फाइल उघडली तर प्रत्येक खिळा वेगळा आणि गोल गरगरीत मॉडेल केलेला. मोबाईल गेममध्ये असा दरवाजा काही हजार ट्रायँगलमध्ये (मॉडेल ज्यांनी बनतं त्या त्रिकोणांत) बसवायचा असतो आणि खिळ्यांची गोलाई नॉर्मल मॅपवर, म्हणजे उठावाचा नुसता भास देणाऱ्या चित्रावर, बेक करायची (उतरवायची) असते. अनरियल इंजिन 5 मध्ये नॅनाइट हे अतिबारीक मॉडेल सहज पेलणारं तंत्र आल्यापासून 'आता पॉलीकाउंट (ट्रायँगलची संख्या) बघायची गरज नाही' असं मुलं म्हणतात, पण आपल्याकडे मोठा बाजार मोबाईलचा आहे आणि तिथे ती चैन नाही. शिवाय दरवाजाची मागची बाजू कधीच दिसणार नसताना यूव्हीमध्ये (टेक्स्चर बसवायला मॉडेल सपाट उलगडतात त्या नकाशात) तिला पुढच्या बाजूइतकीच जागा दिलीस आणि उरलेली जागाही सारखी वाटली नाहीस, म्हणून कडी लख्ख दिसते आणि चौकट धूसर. टेक्सेल डेन्सिटी, म्हणजे पृष्ठभागावरचा टेक्स्चरचा बारीकपणा, एकसारखी नाही हे अनुभवी माणसाला पाहताक्षणी कळतं.

तेव्हा प्रत्येक कामाखाली अंतिम चित्रानंतर वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी), टेक्स्चर मॅप आणि युनिटी किंवा अनरियल या इंजिनांमधला स्क्रीनशॉट लाव. दोन ओळी लिही: कुठल्या प्लॅटफॉर्मसाठी, किती ट्रायँगल, टेक्स्चर केवढं, किती दिवस लागले. शेवटची माहिती फ्रीलान्सरने द्यायलाच हवी, कारण क्लायंट त्यावरून हिशेब करतो. दोघातिघांनी मिळून केलेलं काम असेल तर तुझा भाग कुठला ते स्पष्ट सांग. एआयची मदत घेतली असेल तर तेही सांग. 2024 पासून स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर गेम टाकताना एआयने केलेला मजकूर आणि चित्रं जाहीर करावी लागतात, त्यामुळे लपवलेली गोष्ट उद्या क्लायंटच्या अंगाशी येईल.

आता त्या 'मजा येत नाहीये'वाल्या क्लायंटकडे. ही तुझ्या कलेवरची टीका नाहीच. काय हवं ते त्याला सांगता येत नाही आणि ते काढून घ्यायची पद्धत तू अजून बसवलेली नाहीस. चार वेळा पूर्ण टेक्स्चर केलेलं मॉडेल पाठवलंस, तिथे गडबड झाली. आधी नुसता ब्लॉकआउट पाठवायचा, साधे ठोकळे, आणि त्यावर लेखी होकार घ्यायचा. मग मॉडेल, मग टेक्स्चर. "मजा" म्हणजे काय हे विचारायचं ते असं: ही वस्तू स्क्रीनवर केवढी दिसणार, खेळणाऱ्याने ती लांबून ओळखायची की जवळ जाऊन बघायची, आणि तुम्हाला आवडलेल्या तीन गेममधली अशीच वस्तू दाखवाल का. बहुतेक वेळा या तीन प्रश्नांतच उत्तर निघतं: त्याला रंग भडक हवे असतात किंवा आकार जाडजूड. तुला ते आवडणार नाही. तरी कर, गेम त्याचा आहे. फक्त ते काम पोर्टफोलिओत घेऊ नकोस.

पुढच्या कामापासून ठरावात लिहून घे: दोन फेऱ्या बदल किमतीत धरलेले, तिसरीपासून वेगळे पैसे, बदल एकाच माणसाने लेखी सांगायचे, काही रक्कम आगाऊ. आणि गेम बाहेर आल्यावर हे काम पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी, हीही ओळ हवीच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, त्यामुळे जाणता क्लायंट करार आणतोच. तो वाचताना ही ओळ शोध. गुप्ततेच्या करारात असलेलं काम पासवर्ड लावूनही परवानगीशिवाय ठेवायचं नाही.

टीका आली की त्याच दिवशी उत्तर देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ती कागदावर कामाच्या भाषेत उतरव: "टेक्स्चर कुठेही दिसतात तशीच" याचं "उंबरा, कडी, खालची पट्टी वेगवेगळी रंगवणे". ज्या वाक्याचं असं काम बनत नाही, ते सोडून दे. कुणी तुझ्यावर, तुझ्या गावावर, बोलण्यावर घसरला तर ब्लॉक कर, वाद घालू नकोस. आणि अर्धवट काम दाखवायची सवय लाव. डिप्लोमातल्या दोन मित्रांना आठवड्यातून एकदा स्क्रीनशॉट पाठव. पण "कसं वाटतंय?" विचारू नकोस, "छान" एवढंच येईल. "पाच फुटांवरून कडी लोखंडाची वाटते का?" असं विचार.

वडिलांबद्दल. एटीडी वाईट नाही आणि त्यांची काळजी खरी आहे. फ्रीलान्सचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत, हे ते बघतायत. वर्षभरात कुठल्या कामाचे किती आले आणि किती थकले, याचा कागद त्यांच्यासमोर ठेव. पण माझं स्पष्ट मत असं की सध्या तुला एकट्याने घरून फ्रीलान्स करण्यापेक्षा दोन वर्षं स्टुडिओत नोकरी करणं जास्त फायद्याचं आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 मध्ये सुरू झाला, लक्ष्य डिजिटलसारख्या कंपन्या बाहेरच्या गेमसाठी आर्टचं काम करतात, लहान टीमही आहेत. शेजारी बसलेला सीनियर दिवसातून चारदा तुझ्या फाइलीत चूक दाखवेल, तेव्हा टीकेची धास्ती आपोआप जाईल. एटीडीच्या पुढच्या प्रवेशापर्यंतचा वेळ वडिलांकडून मागून घे. तोवर नोकरी नाही मिळाली तर पुन्हा बसून बोला, मलाही लिही.

साइट आजच पुन्हा सुरू कर. कंदील आणि तलवार एवढंच लाव, बाकीचं तयार होईल तसं. दरवाजा नव्याने झाला की त्या आर्ट लीडना त्याच ईमेलला उत्तर म्हणून असं पाठव:

"नमस्कार. आपण मागच्या महिन्यात माझ्या कामाबद्दल तीन गोष्टी सांगितल्या होत्या, त्याबद्दल आभार. आता पोर्टफोलिओत फक्त प्रॉपची कामं ठेवली आहेत. दरवाजा प्रत्यक्ष वाडा पाहून पुन्हा केला, जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी लावली आहे. पॉलीकाउंट, यूव्ही आणि इंजिनातले स्क्रीनशॉट खाली दिले आहेत. आपल्याकडे ज्युनियर प्रॉप आर्टिस्टची आर्ट टेस्ट असेल तर द्यायला आवडेल."

(आर्ट टेस्ट म्हणजे नोकरीआधी स्टुडिओ करून घेतो ते चाचणीचं काम.) खुलासे नकोत, आधीच्या कामाबद्दल माफीही नको. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर हीच लिंक पुढच्या स्टुडिओला पाठव.